विश्रांती घेतली की टाच बरी, ट्रेडमिलवर चढलं की पुन्हा तीच कळ

"टाच दुखायला लागली म्हणून ट्रेडमिल बंद केली. काही आठवडे गप्प बसलो, दुखणं गेलं. पुन्हा सुरू केली तर चार-पाच दिवसांत सकाळी पलंगावरून उतरताना तीच कळ." फिजिओथेरपीच्या कामात हे वाक्य मी दर वर्षी पावसाळ्यात ऐकतो, आणि गणपती झाले की जरा जास्तच. कारण सरळ आहे. जून-जुलैत नाशिकच्या गंगापूर रोडवरची पहाटेची पळापळ ओसरते. एरवी पांडवलेणीच्या पायऱ्या चढणारे आणि गंगापूर धरणाच्या दिशेने लांब पल्ला मारणारे सोसायटीच्या क्लबहाऊसमधल्या नाहीतर घरच्या बाल्कनीतल्या ट्रेडमिलवर येतात. रस्त्यावर जेवढं पळत होते तेवढंच इथेही पळतात. यंत्र वेगळं आहे, हे पायाला कळतं, डोक्याला कळत नाही.

हे दुखणं परत परत का येतं याचं माझं उत्तर एका ओळीचं आहे. विश्रांतीने कळ थांबते, पण टाचेची भार सोसायची ताकद वाढत नाही, उलट थोडी घटते. मग त्याच सेटिंगच्या त्याच यंत्रावर तुम्ही आधीपेक्षा कच्चा पाय घेऊन चढता. तेव्हा 'किती दिवस थांबू' याऐवजी 'भार कुठून येतोय आणि पाय तो का पेलत नाही' हे शोधायला हवं.

आधी दुखणं तेच आहे का, हे बघा

तळव्याखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट ऊती पसरलेली असते. तिला प्लांटर फॅसिया म्हणतात. तिच्या दुखण्याची ठेवण ठरलेली असते. सकाळची पहिली काही पावलं सगळ्यात वाईट, चाललं की कळ सैल होते, मग बराच वेळ बसून उठलं की पुन्हा. पळताना पहिली काही मिनिटं बोचतं, मधे विसरायला होतं आणि थंड झाल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी वसुली होते. टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, जरा पुढे अंगठ्याने दाबलं की नेमकी जागा सापडते. उभं राहून कुणाला तरी तुमच्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगा. तेव्हाही तिथेच ओढ बसली तर संशय पक्का होतो.

पण टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर जोरात दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. अशा वेळी पळणं त्याच दिवशी थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. टाचेच्या मधोमध ठणका असेल आणि कठीण फरशीवर अनवाणी चालताना तो वाढत असेल, तर बहुधा टाचेखालची चरबीची गादी दुखावलेली असते. तिला ताण देण्याचे व्यायाम उपयोगाचे नाहीत, मऊ आधार लागतो. रात्री झोपेत जळजळ, मुंग्या, बधिरपणा असेल तर नस दबलेली असू शकते. आणि वय तरुण, दोन्ही टाचा दुखतात, शिवाय सकाळी कंबर बराच वेळ आखडलेली असते, असं असेल तर संधिवाततज्ज्ञाला दाखवा. त्या प्रकारच्या संधिवाताची सुरुवात कधी कधी टाचेपासून होते, आणि तो ट्रेडमिल सोडल्याने जात नाही.

पायाच्या आत काय चाललेलं असतं

पाऊल पुढे टाकताना टाच उचलली जाते, बोटं मागे वळतात आणि फॅसिया बोटांच्या सांध्यांभोवती गुंडाळली जाऊन ताणते. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला की बादली वर येते, तशी पायाची कमान वर येते आणि पाऊल कडक होतं. हे रहाटाचं तत्त्व जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये मांडलं. म्हणजे दर पावलाला ही ऊती ताणली जाणार, ते तिचं कामच आहे. बिघाड होतो तो ताण तिच्या तयारीपेक्षा जास्त वेळा किंवा जास्त जोराने आला की.

मिनिटाला १६० पावलं धरली तर अर्ध्या तासात ४,८०० पावलं, म्हणजे एका पायाला २,४००. रस्त्यावर यातलं प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडतं. खड्डा चुकवायचा, स्पीडब्रेकर ओलांडायचा, रिक्षा आली म्हणून बाजूला व्हायचं, सिग्नलला थांबायचं. नाशिकच्या रस्त्यांना आपण रोज शिव्या घालतो, पण पायाला त्यांनी विविधता दिली एवढं मान्य करायला हवं. ट्रेडमिलवर एकच वेग, एकच चढ, एकच सपाटी, आणि ती अडीच हजार पावलं जवळजवळ एकाच साच्यातली. भार जास्त असतोच असं नाही, पण तो एकाच जागी पुन्हा पुन्हा येतो.

दुसरी गोष्ट पोटरीची. पोटरी आखडलेली असली की घोटा पुढे झुकत नाही, आणि जो ताण पोटरीने झेलायचा तो तळव्याकडे जातो. घोट्याची ही कमी हालचाल, वजन जास्त असणं आणि दिवसभर उभं राहण्याचं काम ही या दुखण्याची नेहमीची सोबत आहे. आपला घोटा कसा आहे हे भिंतीपाशी तपासता येतं. पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, टाच जमिनीला चिकटलेली राहू द्या आणि गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल थोडं थोडं मागे घेत जा. दोन्ही पायांच्या अंतरात ठळक फरक दिसला, तर दुखणारी टाच बहुतेक वेळा कमी अंतराच्या बाजूची निघते.

यंत्र तपासा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण इथे कुणीच बघत नाही.

पहिलं, चढ. स्क्रीनवर शून्य दिसतंय म्हणजे ट्रेडमिल सपाट आहे, असं समजू नका. घरगुती स्वस्त यंत्रांत चढ मोटरने नव्हे, तर हाताने बदलायच्या दोन-तीन खाचांनी ठरतो. यंत्र बसवणाऱ्याने ती कडी दुसऱ्या खाचेत अडकवली असेल तर तुम्ही महिनोन्‌महिने चढावर पळत असता आणि स्क्रीन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. गवंड्याची पाणपातळी किंवा मोबाईलमधलं लेव्हल ॲप डेकवर, म्हणजे पळायच्या पट्ट्यावर, ठेवा आणि बघा. आडव्या दिशेनेही ठेवा. बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. तिथे ठेवलेली ट्रेडमिल एका बाजूला कललेली असते आणि एक पाय सतत आतल्या बाजूला दबतो. खालचे स्क्रूचे पाय फिरवून हे दहा मिनिटांत दुरुस्त होतं. एकाच टाचेचं दुखणं घेऊन येणाऱ्यांना मी हा प्रश्न आवर्जून विचारतो.

दुसरं, 'ट्रेडमिलवर १ टक्का चढ ठेवायचाच' हा नियम. तो १९९६ च्या एका ब्रिटिश अभ्यासातून आला. समोरून वारा लागत नसल्याने ट्रेडमिलवर ऊर्जा थोडी कमी लागते आणि १ टक्का चढाने ती कसर भरून निघते, एवढंच त्यात दाखवलं होतं, तेही ताशी साधारण साडेदहा ते अठरा किलोमीटर वेगाने पळणाऱ्यांवर. तुम्ही ताशी आठने जॉगिंग करता. तुमच्या वाट्याचा वारा किती असणार! टाच दुखत असेल तोवर शून्यावर पळा, तुमच्या कष्टात काही खोट येणार नाही.

तिसरं, 'बारा-तीन-तीस'. १२ टक्के चढ, ताशी ३ मैल म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटर वेग आणि ३० मिनिटं चालणं. समाजमाध्यमांतून हा प्रकार जिमांत शिरला आणि वजन कमी करायला आलेली मंडळी पहिल्याच आठवड्यात रोज तो करू लागली. चालणंच तर आहे, असं वाटतं. पण चढावर प्रत्येक पावलाला घोटा जास्त वाकतो, पोटरी आणि टाचेमागची शीर ओढली जाते आणि तो ताण थेट तळव्यापर्यंत उतरतो. पोटरी तयार असणाऱ्याला हा व्यायाम उत्तम आहे. दुखणारी टाच घेऊन तो करणं म्हणजे जखमेवरची खपली रोज काढणं. आधी तो बंद करा, मग पुढचं बोलू.

चौथं, बूट. ट्रेडमिलवर वापरलेल्या बुटांचा तळ नव्यासारखा दिसतो, कारण गुळगुळीत बेल्टवर रबर फारसं झिजत नाही. आतला फोम मात्र बसलेला असतो. तेव्हा तळ बघून वय ठरवू नका. बूट टेबलावर ठेवून मागून बघा, टाच एका अंगाला कलली असेल तर ते बाद. दुखणं चालू असताना टाच-बोटं एका पातळीवर असणारे सपाट बूट नव्याने सुरू करू नका, टाच थोडी उंच असलेले बरे. महागातलेच घ्या असं काही नाही.

बेल्ट अडखळत असेल, पाऊल पडताच क्षणभर थबकत असेल, तर तुमची चाल बिघडते. सिलिकॉन तेल आणि बेल्टचा ताण, दोन्ही बघून घ्या.

उरलेले तेवीस तास

अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात पाळीचं काम करणारा माणूस आठ तास काँक्रीटवर सेफ्टी शूज घालून उभा राहतो. हे बूट बोटांना वाचवतात, तळव्याला नाही. संध्याकाळी तो वजन उतरवायचं म्हणून ट्रेडमिलवर चढतो आणि दोष ट्रेडमिलला देतो. अशा वेळी पळणं निम्म्यावर आणलं तरी टाच बरी होत नाही, कारण खरी मेहनत दिवसपाळीत होते. बुटात चांगला इनसोल आणि सिलिकॉनचा हीलकप घाला, जमेल तेव्हा पाय बदलून उभे राहा, जेवणाच्या सुट्टीत बसा. शिक्षिका, दुकानातले लोक, ओट्यापाशी तास न्‌ तास उभ्या राहणाऱ्या गृहिणी, सगळ्यांना हेच लागू.

घरात आपण अनवाणी असतो आणि फरशी व्हिट्रिफाइड. जुन्या नाशकातल्या वाड्यांत शहाबादी होती, तीही काही मऊ नव्हती, पण तेव्हा कुणी वातानुकूलित खोलीत पळत नव्हतं. दुखणं आहे तोवर घरात वापरायची मऊ चप्पल वेगळी ठेवा. घरातल्या मोठ्यांचा आक्षेप असतो, मला माहीत आहे. ती चप्पल उंबऱ्याबाहेर कधीच जाणार नाही असं ठरवलं की बहुतेक घरांत मार्ग निघतो, देवघरापुरती काढली की झालं. पलंगाच्या कडेलाच ठेवा, कारण सकाळच्या पहिल्या पावलाला तिची खरी गरज असते. श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी किंवा नवरात्रात अनवाणी राहण्याचं व्रत यांच्या मधोमध टाच दुखत असेल, तर निदान त्या काळात ट्रेडमिल बाजूला ठेवा. दोन्ही एकदम टाचेला झेपत नाही.

पाय तयार करणं

आता ज्याने दुखणं परत येणं थांबतं, ते. दोनच व्यायाम आहेत आणि दोन्ही कंटाळवाणे आहेत.

पहिला पलंगावरच, पाय खाली टेकवण्याआधी. दुखणारा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने सगळी बोटं नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताने तळवा चाचपून तो ताणला गेलाय ना ते बघा. दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीन वेळा. २००३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत नेहमीच्या पोटरी ताणण्यापेक्षा या ताणाने सकाळची कळ जास्त कमी झाली होती.

दुसरा ताकदीचा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर दुखणाऱ्या एका पायाने उभे राहा, कठड्याला हात ठेवा. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे बोटं मागे वळलेली राहतील आणि फॅसियावर भार येईल. तीन सेकंदांत टाच वर, वर दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवस सोडून. दोन आठवड्यांनी पाठीवर सॅक घ्या आणि तिच्यात पाण्याच्या बाटल्या किंवा मुलांची जाडजूड पुस्तकं भरा. वजन एवढं की दहापेक्षा जास्त वेळा जमू नये, फेऱ्या चार. आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून आठ वेळा, पाच फेऱ्या. हा क्रम डेन्मार्कच्या २०१४ च्या अभ्यासातला आहे. त्यात ४८ रुग्ण होते. तीन महिन्यांनी हा व्यायाम करणारे फक्त ताण देणाऱ्यांपेक्षा बरेच पुढे होते. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट जवळपास सारखे झाले. म्हणजे ही जादू नाही, लवकर कामाला लागण्याचा रस्ता आहे. आणि पळणाऱ्याला लवकर परतायची घाई असतेच, म्हणून मी हाच सांगतो. एका पायावर बारा जमत नसतील तर दोन्ही पायांवर सुरू करा.

करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालतं, अट एकच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या पावलाची कळ कालपेक्षा वाढलेली नको. वाढली तर मागचा भार जास्त झाला, एक पायरी खाली या. हीच मोजपट्टी पळण्यालाही. ट्रेडमिलवर असताना काय वाटलं याला फारसा अर्थ नाही, कारण गरम झालेली फॅसिया गप्प बसते. खरा निकाल सकाळी लागतो. पलंगाशेजारच्या कॅलेंडरवर रोज सकाळी शून्य ते दहामधला आकडा लिहा. दोन-तीन आठवड्यांत कोणत्या दिवशी काय केलं की काय होतं, हे मला विचारायची गरज उरत नाही.

परत पळताना

पूर्ण बंद करण्याची गरज क्वचितच असते. सपाट ट्रेडमिलवर अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या सकाळी कळ वाढली नाही, की एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, अशा आठ फेऱ्या. एक दिवस सोडून. सकाळचा आकडा स्थिर राहिला तर पळण्याची मिनिटं वाढवा, चालण्याची कमी करा. आधी वेळ वाढू द्या, मग वेग, चढ सगळ्यात शेवटी. एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने दुखलं ते कळणार नाही. दर काही मिनिटांनी वेग अर्धा किलोमीटर वरखाली करा, पावलांचा साचा मोडतो. पावलं लहान आणि जलद ठेवा. पुढे लांबवर टाच आपटणारं पाऊल नको.

पाऊस उघडला की आठवड्यातला निम्मा वाटा बाहेर काढा. गोल्फ क्लब मैदान, कृषीनगर किंवा इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक, जे घराजवळ असेल ते. पण ट्रेडमिलवरून एकदम बाहेरचे दहा किलोमीटर, असंही करू नका. तो बदलही भारच आहे.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या गोष्टी

"एक्स-रेमध्ये हाड वाढलंय." वाढलेलं असेल. ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा पुष्कळांच्या एक्स-रेतही ते दिसतं. ते कापायची गरज जवळजवळ कधीच नसते, आणि दुखणं गेल्यावरही ते हाड तिथेच असतं.

"युरिक ॲसिड वाढलंय का?" त्याचा झटका बहुतेक वेळा अंगठ्याच्या सांध्यावर येतो, लाल होऊन सुजतो, चादर लागली तरी सहन होत नाही. सकाळच्या पावलापुरती येणारी कळ त्याची नव्हे.

गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेक? शेकाने बरं वाटतं हे खरं, पण त्यात पानाचं श्रेय किती, यावर मी आजीशी वाद घालत नाही. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. मधुमेह असेल तर मात्र हे अजिबात नको. बधिर तळव्याला चटका कळत नाही आणि जखम चिघळते. मधुमेह्यांनी गोठवलेल्या बाटलीवर पाय फिरवण्याचा उपायही टाळावा. बाकीच्यांनी पळून आल्यावर दहा मिनिटं फिरवली तर हरकत नाही, आराम वाटतो.

स्टेरॉइडचं इंजेक्शन कळ पटकन उतरवतं, पण परिणाम काही आठवडे टिकतो. फॅसिया फाटण्याचा आणि टाचेखालची चरबी विरळ होण्याचा धोका असतो. स्पर्धा तोंडावर आली म्हणून ते घेऊन पळणाऱ्यांची मला काळजी वाटते. वेदनाशामक गोळी खाऊन ट्रेडमिलवर चढणं हा त्याच वाटेचा छोटा प्रकार.

किती दिवस लागतील? दिवस नव्हे, महिने. बहुतेकांचं दुखणं वर्षाच्या आत जातं, तेही शस्त्रक्रियेविना. पहिल्या तीन-चार आठवड्यांत फारसा फरक दिसत नाही, आणि नेमके तिथेच लोक टाचा उचलणं सोडतात. कळ गेल्यावरही तो व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवा, विशेषतः मे महिन्यात, म्हणजे पहिल्या पावसात ट्रेडमिलवर येईपर्यंत पाय तयार असतो.

पळताना टाचेत 'टक्‌' आवाज होऊन अचानक सूज आणि काळंनिळं झालं, पाय टेकवताच येईना, ताप आला, किंवा तीन महिने नेमाने व्यायाम करूनही सकाळचा आकडा हलला नाही, तर तपासून घ्या. जाताना ते कॅलेंडर सोबत न्या.